जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरवरील प्रोपेन सिलिंडरची बैठक : एका बिघाडाचा आणि दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

ज्या ट्रेलरविषयी हे लिहीत आहे, तो १९६३ साली अमेरिकेत बांधलेला, दांडीसह १७ फूट लांबीचा आणि एकाच आसाचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून नेण्याचे चाकांवरचे छोटे घर आहे. सध्याच्या मालकांनी तो विकत घेतल्यावर आतील लाकूडकाम, छताची गळती, विजेच्या तारा आणि चाकांची बेअरिंगे ही सर्व कामे मनापासून केली. पुढची दांडी, म्हणजे दोन पोलादी चॅनेल जोडून झालेला आणि टोकाला ओढणाऱ्या गाडीशी जोडण्याचा जोड-कप असलेला त्रिकोण, मात्र गंज खरवडून व रंग देऊन होती तशीच ठेवली. त्या दांडीवर प्रोपेनचे दोन सिलिंडर उभे होते आणि ते हलवून पाहिले असता घट्ट वाटत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात कोलोरॅडोमधील एका कच्च्या रस्त्यावर सुमारे ६० किलोमीटर प्रवास झाला. वाहनांच्या वर्दळीने अशा रस्त्यांवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात आणि ट्रेलर सतत थरथरत राहतो. मुक्कामी पोहोचल्यावर मालकांना गॅसचा वास आला. उजवीकडचा सिलिंडर पुढे आणि किंचित आत कलला होता, वरची दाबपट्टी तिरकी झाली होती, आणि सिलिंडरपासून रेग्युलेटरकडे जाणारी तांब्याची छोटी नळी, जिला या कामातली माणसे पिगटेल म्हणतात, तिच्या टोकाशी तडा गेला होता. प्रवासात फ्रिज गॅसवर चालू होता, त्यामुळे सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे होते. मालकांनी दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला सर्वांना लांब नेले, बराच वेळ थांबले आणि मग पट्ट्याने सिलिंडर आवळून, गॅस अजिबात न वापरता ट्रेलर घरी आणला. त्या परिस्थितीत याहून योग्य काही करता आले नसते, असे माझे मत आहे.

प्रोपेनची वाफ हवेच्या सुमारे दीडपट जड असते. ती वर उडून जात नाही, तर जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण २.१ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगी मिळताच ती पेटते, आणि द्रवरूप प्रोपेनचा एक लिटर सुटला तर त्याची सुमारे २७० लिटर वाफ होते. या ट्रेलरच्या फ्रिजची ज्योत जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर आहे आणि तिला हवा देणारी जाळी बाहेरच्या भिंतीत खालच्या बाजूला आहे. त्या दिवशी वारा आडवा वाहत होता, म्हणून सुटलेली वाफ त्या जाळीपर्यंत पोहोचली नाही.

पुढच्या आठवड्यात मी ट्रेलर पाहिला. मी पेशाने यंत्र अभियंता आहे आणि जुन्या ट्रेलरांच्या दुरुस्तीची मला आवड आहे. खालील निरीक्षणे त्या दिवशी केलेल्या नोंदींवरून दिली आहेत.

काय आढळले

मूळ रचना साधी होती. दांडीच्या दोन्ही चॅनेलांवर ३ इंच रुंदीची एक पोलादी पट्टी आडवी टाकलेली, तिच्या दोन टोकांना एकेक बोल्ट, पट्टीवर पातळ पत्र्याचे दोन गोल ट्रे, मधोमध आटे पाडलेला एक उभा रॉड, आणि रॉडवर दोन्ही सिलिंडरांच्या कॉलरवर, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या पोलादी कड्यावर, दाबणारी आडवी पट्टी व तिच्या वर विंग नट, म्हणजे हाताने फिरवता येणारा पंखांचा नट. १९६०च्या दशकातील अनेक ट्रेलरांवर याच धर्तीची बैठक दिसते आणि ज्या वजनासाठी ती बनवली होती त्यासाठी ती पुरेशी होती.

वजन मात्र मधल्या काळात बदलले होते. मूळ सिलिंडर २० पौंडी होते, म्हणजे प्रत्येकात २० पौंड (९ किलो) प्रोपेन मावत असे आणि भरलेला सिलिंडर साधारण ३७ पौंड (१७ किलो) भरत असे. आधीच्या कोणत्यातरी मालकाने त्या जागी ३० पौंडी सिलिंडर बसवले होते, ज्यांचे भरलेले वजन प्रत्येकी सुमारे ५५ पौंड (२५ किलो) होते. ही अदलाबदल सहज घडते, कारण दोन्ही आकारांचा व्यास जवळजवळ सारखाच, सुमारे १२ इंच असतो आणि मोठा सिलिंडर लहानाच्या ट्रेमध्ये नेमका बसतो. फरक उंचीत असतो. २० पौंडी सिलिंडर सुमारे १८ इंच उंच, तर ३० पौंडी सुमारे २४ इंच. त्यासाठी मधला रॉड जोडनट लावून ६ इंचांनी वाढवलेला होता. तो जोडनट मला दिसला, तेव्हाच पुढच्या तपासणीची दिशा ठरली.

सिलिंडर उतरवल्यावर उजव्या ट्रेचा तळ उघडा पडला. बोल्टच्या भोकाभोवती पत्र्याला चंद्रकोरीसारखा तडा गेलेला होता, त्याची लांबी जवळपास दोन इंच होती, आणि तड्याच्या कडा गंजून तपकिरी झाल्या होत्या, म्हणजे तो त्या एका प्रवासात पडलेला नव्हता. ट्रेला पाणी वाहून जाण्यासाठी भोके नव्हती. साचलेल्या पाण्याने ट्रेचा पत्रा आणि सिलिंडरच्या तळाचे कडे, दोन्ही गंजले होते. आडव्या पट्टीचा उजवा बोल्ट हाताने फिरत होता. वरचा विंग नट मात्र पूर्ण आवळलेला होता. मालक प्रत्येक प्रवासाआधी तो तपासत असत आणि तो घट्ट लागे, कारण तडकलेला ट्रे वर ओढला जाऊन नटाला ताण देत होता.

याच कारणासाठी मी हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. सिलिंडर घट्ट आहे की नाही हे आपण वरच्या नटावरून ठरवतो, आणि वरचा नट फक्त एवढेच सांगतो की रॉडमध्ये ताण आहे. तो ताण शेवटी कशात उतरतो, ट्रेमध्ये, पट्टीत की चॅनेलमध्ये, हे खाली वाकून आणि सिलिंडर उतरवूनच कळते.

सिलिंडरांचीही तपासणी केली. कॉलरवर ठोकलेली अक्षरे प्रत्येक मालकाने एकदा तरी वाचावीत. डीओटी (अमेरिकेचा वाहतूक विभाग) ४बीए२४० किंवा ४बीडब्ल्यू२४० या खुणेतील २४० हा आकडा पौंड प्रति चौरस इंच या एककात सेवादाब दाखवतो, टीडब्ल्यू म्हणजे रिकाम्या सिलिंडरचे वजन, डब्ल्यूसी म्हणजे त्यात मावणाऱ्या पाण्याचे वजन, आणि त्यांच्याजवळ निर्मितीचा महिना व वर्ष असते. अमेरिकेतील नियमानुसार निर्मितीपासून १२ वर्षांनी सिलिंडरची पुनर्तपासणी व्हावी लागते, आणि ती केवळ दृश्य तपासणी असेल तर त्यानंतर दर ५ वर्षांनी पुन्हा. या दोन्ही सिलिंडरांवर २००४ सालची खूण होती आणि पुनर्तपासणीची एकही नव्हती. तरीही ते कुठेतरी भरून मिळाले होते, हे मला फार खटकले. भरणाऱ्याने ते नाकारायला हवे होते. तळाच्या कड्याची झीज पाहता दोन्ही सिलिंडर बाद करण्याचे ठरले आणि मालकांनी ते मान्य केले.

पत्रा का तडकला आणि नळी का तुटली

पत्र्याचे कारण आकड्यांत मांडता येते. जोरात ब्रेक लावताना गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने वेग घटतो असे धरू. ३० पौंडी दोन सिलिंडरांचे वजन ५० किलो आणि त्यांचा गुरुत्वमध्य ट्रेपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच, म्हणून पुढे पाडणारे बलाघूर्ण, म्हणजे बल गुणिले उंची, ७.५ किलोग्रॅम-मीटर होते. त्याला अडवणारी पट्टी ३ इंच रुंद आणि तिचे दोन्ही बोल्ट एकाच आडव्या रेषेत असल्यामुळे, बैठक पट्टीच्या पुढच्या कडेवर कलू पाहते तेव्हा बोल्ट त्या कडेपासून केवळ ३.८ सेंटिमीटरवर असतात. सिलिंडरचे स्वतःचे वजन मागे धरते ते वजा केले, तरी दोन बोल्टांवर मिळून सुमारे १५० किलोचा उचलणारा भार येतो. बोल्ट तो सहज सोसतात, पातळ पत्रा सोसत नाही. मूळ २० पौंडी सिलिंडरांचे वजन ३४ किलो आणि गुरुत्वमध्य सुमारे २२ सेंटिमीटरवर, म्हणून तेच बलाघूर्ण ३.७ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जवळपास निम्मे होते. शिवाय ब्रेकचा धक्का अधूनमधून येतो, पण पन्हळी रस्त्यावर तोच पत्रा दर सेकंदाला अनेकदा वर-खाली वाकतो. एका धक्क्याने न तुटणारा पत्रा हजारो लहान वाकण्यांनी थकतो, आणि भोकाची कड ही तडा सुरू होण्याची ठरलेली जागा असते.

नळीचे कारण वेगळे होते आणि ते मला आधी लक्षात आले नाही. सिलिंडर दांडीवर उभे होते, पण रेग्युलेटर ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर स्क्रूने बसवलेला होता. दांडी आणि शरीर एकाच सांगाड्याचे भाग असले तरी लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेली भिंत वेगळी हलते आणि सैल बैठकीवरचे सिलिंडर त्याहून वेगळे हलतात. या दोन हालचालींमधील फरक तांब्याच्या नळीलाच सोसावा लागत होता. मऊ तांबे वाकवल्यावर कडक होते, पुन्हा पुन्हा वाकवल्यास ठिसूळ होते, आणि नळीचे तोंड रुंद करून जोडात दाबले जाते त्या गळ्याशीच ते तुटते. तडा नेमका तिथेच होता. बैठक घट्ट असती तर ही नळी कदाचित आणखी काही वर्षे टिकली असती, पण तिच्यावरचा दोष नाहीसा झाला नसता.

नवी बैठक

पहिला निर्णय वजन कमी करण्याचा होता. मालक उन्हाळ्यातच प्रवास करतात, हीटर क्वचित लावतात आणि स्वयंपाक व फ्रिज यांना दोन २० पौंडी सिलिंडर पुरतात. मोठ्या सिलिंडरांचा आग्रह धरण्यासारखे कारण नव्हते. यामुळे दांडीच्या टोकावरील भारही बदलतो, हे पाहून घ्यावे लागले. आसापासून जोड-कपापर्यंतचे अंतर १२ फूट आणि सिलिंडर आसापासून साडेनऊ फुटांवर, म्हणून काढलेल्या १६ किलोंपैकी सुमारे १२ ते १३ किलो टोकावरून कमी झाले. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार टोकावर असावा, असा सर्वमान्य संकेत आहे, कारण तो फार कमी झाला तर ट्रेलर रस्त्यावर डोलू लागतो. मोजणीत हा भार बदलानंतरही ११ टक्क्यांवर राहिला, म्हणून सामानाची मांडणी बदलावी लागली नाही.

नवीन सिलिंडर ओपीडी प्रकारचे घेतले. ओपीडी म्हणजे आत तरंगणारा गोळा असलेला व्हॉल्व्ह, जो सिलिंडर ८० टक्के भरताच भरणे थांबवतो आणि उष्णतेने द्रव फुगण्यासाठी वर वाफेची जागा राखतो. त्याची ओळख त्रिकोणी मुठीवरून पटते. अमेरिकेत १ एप्रिल २००२ पासून या आकाराचे, ओपीडी नसलेले उभे सिलिंडर भरण्यास मनाई आहे, म्हणून जुन्या ट्रेलरसोबत मिळालेले गोल मुठीचे मूळ सिलिंडर शोभेपुरतेच ठेवावे लागतात. सिलिंडर उभाच राहिला पाहिजे, हाही नियम याच वाफेच्या जागेशी जोडलेला आहे. दाब वाढल्यास सुटका करणारा झडपजोड वाफेत असावा लागतो. आडव्या किंवा फार कललेल्या सिलिंडरमध्ये तो द्रवात बुडतो आणि उघडला तर वाफेऐवजी द्रव बाहेर फेकतो. म्हणून पट्ट्याने कसेही आवळून ठेवणे म्हणजे सुरक्षित करणे नव्हे.

बैठकीसाठी दांडीवर वेल्डिंग न करण्याचे ठरवले. साठ वर्षांच्या पोलादावर, जिथे टोकाचा सारा भार वाकण्याच्या रूपाने येतो, तिथे नवा वेल्ड हा नवा कमकुवत बिंदू ठरू शकतो. चॅनेलच्या वरच्या व खालच्या आडव्या कडांवर वाकण्याचा ताण सर्वाधिक असतो आणि उभ्या भिंतीच्या मध्यावर तो सर्वांत कमी. आधीच्या माणसाने वरच्या कडेत पाडलेली भोके आम्ही वापरली नाहीत. उभ्या भिंतीच्या मध्यरेषेवर भोके पाडून तिथे कोनपट्टीचे तुकडे बोल्टने बसवले आणि त्यांवर दोन कोनपट्ट्या एकमेकींपासून २० सेंटिमीटरवर आडव्या टाकल्या. बैठक आता चार बोल्टांवर आहे. ब्रेकचा आधीचाच हिशेब ३४ किलोच्या सिलिंडरांसाठी केला तर मागच्या दोन बोल्टांवर मिळून उचलणारा भार जेमतेम २ किलो येतो. १५० वरून २ हा फरक लहान, हलके सिलिंडर आणि रुंद केलेला पाय या दोन्हींमुळे झाला आहे, आणि बोल्ट जाड करून तो कधीच साधला नसता.

ट्रे जाड पोलादी पत्र्याचे घेतले, प्रत्येकाला १० मिलिमीटरची चार भोके पाडली आणि ट्रेखाली मोठे वॉशर देऊन बोल्टचा भार पसरवला. मधला रॉड एकसंध, अर्धा इंच जाडीचा आहे आणि तो ट्रेमध्ये न अडकता थेट दोन्ही कोनपट्ट्यांना जोडणाऱ्या जाड प्लेटमध्ये नटांनी धरलेला आहे. रॉडचा ताण आता पत्र्यातून जात नाही. हिशेबासाठी मी भरलेल्या वजनाच्या आठपट, म्हणजे २७२ किलो भार कोणत्याही दिशेला धरला. चार बोल्टांत तो वाटला तर प्रत्येकी ६८ किलो येतो, जो या जाडीच्या बोल्टला किरकोळ आहे.

विंग नट ठेवला, कारण सिलिंडर भरायला नेताना तो हाताने सुटला पाहिजे. त्यावर दुसरा अडवणारा नट आणि रॉडच्या टोकाला आरपार पिन दिली. नट व रॉडवर रंगाची एक सरळ रेघ ओढली, जेणेकरून नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. कॉलर आणि दाबपट्टीमध्ये रबराचा जाड तुकडा घालण्याचा मोह टाळला. जाड रबर दबत राहते आणि ताण आपोआप सैल होतो. शिवाय दोन्ही सिलिंडरांच्या कॉलरमधून एक पोलादी दोर ओवून तो दांडीलाच बांधला. रॉड तुटला तरी सिलिंडर रस्त्यावर पडू नये, एवढेच त्याचे काम आहे.

रेग्युलेटर भिंतीवरून काढून रॉडवरच्या कंसावर आणला, म्हणजे तो सिलिंडरांसोबत हलतो. जुना एकटप्पी रेग्युलेटर बदलून दोन टप्प्यांचा, एक सिलिंडर संपताच दुसऱ्यावर आपोआप जाणारा घेतला. त्याचे श्वासछिद्र खाली तोंड करून ठेवले, नाहीतर पावसाचे पाणी किंवा थंडीत बर्फ आत साचून पडदा अडकतो आणि दाब वाढतो. तांब्याच्या नळ्यांऐवजी क्यूसीसी-१ जोडाच्या रबरी नळ्या लावल्या. हा जोड उजव्या आट्यांचा, हातानेच आवळायचा असतो. त्यात फार जास्त प्रवाह झाल्यास तो रोखणारी सोय असते आणि त्याचा नट आगीच्या उष्णतेने मऊ पडला की व्हॉल्व्ह बंद होतो. जुन्या पीओएल जोडाला उलटे आटे असतात आणि पाना लागतो, त्यामुळे सवयीने उजवीकडे आवळू पाहणारे तो सैल करून बसतात. रेग्युलेटरपासून ट्रेलरखालच्या पक्क्या नळीपर्यंत एक लवचीक नळी सैल वळण देऊन नेली. जी हालचाल आधी तांबे सोसत होते, ती आता तिच्यासाठीच बनलेली नळी सोसते.

जागेचा विचारही करावा लागला. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा मागचा दरवाजा पूर्ण उघडला आणि गाडी अगदी काटकोनात वळवली, तरी सिलिंडरला काही लागत नाही, हे आम्ही प्रत्यक्ष गाडी जोडून पाहिले. जॅकची मूठ फिरवताना नळीला घासत होती, म्हणून बैठक ४ सेंटिमीटर मागे सरकवली. बॅटरी त्याच दांडीवर आहे. तिची टोके झाकली आणि तिची पेटी रेग्युलेटरच्या उलट बाजूला नेली.

चाचण्या आणि पहिला हंगाम

बांधकाम झाल्यावर चाके अडवून, भरलेल्या सिलिंडरांच्या कॉलरला पट्टा लावून, लटकत्या काट्यातून पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना ६८ किलोंपर्यंत ओढून पाहिले. हा भार दोन्ही सिलिंडरांच्या वजनाच्या दुप्पट आहे. कॉलरची हालचाल २ मिलिमीटरपेक्षा कमी भरली आणि भार काढल्यावर सर्व काही जागेवर आले. आठपट भाराची प्रत्यक्ष चाचणी केली नाही, कारण दांडी तेवढे ओढताना उचलली गेली असती. तिथे हिशेबावरच विसंबलो.

गॅसची चाचणी दाबमापकाने केली. सर्व उपकरणे बंद ठेवून दाब तीन मिनिटे तसाच राहिला, उपकरणे चालवताना तो ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका भरला, आणि प्रत्येक जोडावर फेस लावूनही पाहिले. फेसासाठी अमोनिया किंवा क्लोरीन असलेले साबण वापरू नयेत, ते पितळाला इजा करतात. प्रवासात सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, फ्रिज आधीच थंड करून घ्यायचा, हा निर्णय मालकांनी स्वतःहून घेतला.

पहिल्या ८० किलोमीटरनंतर विंग नटाची रेघ जागेवर होती, पण आडव्या कोनपट्टीचा एक बोल्ट आणखी पाव फेरा आवळावा लागला. ताज्या रंगाचा थर दबल्यामुळे असे होते आणि ते अपेक्षित होते. ८०० किलोमीटरनंतर काहीच हलले नाही. हंगामाच्या शेवटी सिलिंडर उतरवून ट्रे पाहिले. ते कोरडे होते, भोकांत अडकलेल्या पाइनच्या सुया काढाव्या लागल्या. दाबपट्टी जिथे डाव्या कॉलरला टेकते, तिथला रंग घासून पोलाद उघडे पडले होते. ती जागा घासून पुन्हा रंगवली आणि पट्टीच्या टोकाखाली पातळ, कडक नायलॉनची चकती बसवली. मालकांना मूळ ट्रेलरला शोभेल असे आवरण सिलिंडरांवर घालायचे आहे. त्याचे माप घेताना तळ पूर्ण उघडा ठेवण्याचे आणि व्हॉल्व्हच्या मुठींपर्यंत हत्याराशिवाय हात पोहोचेल एवढी झडप ठेवण्याचे ठरले आहे.